‘डबलस्पीक’ ऑर्वेलच्या कादंबरीतला नाही

पुढाऱ्यांच्या गुळगुळीत भाषेवर टीका करताना ‘इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलच्या “१९८४” या कादंबरीतला डबलस्पीक (दिशाभूल करणारी दुटप्पी भाषा) हा शब्द’ असा दाखला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. १९४९ साली आलेल्या त्या कादंबरीत हा शब्द एकदाही येत नाही. तिथे आहेत ‘न्यूस्पीक’ आणि ‘डबलथिंक’; लोकांनी पुढे दोहोंची मोट बांधली.

फरक किरकोळ नाही. डबलथिंक म्हणजे दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानणे; त्यात माणूस स्वतःलाही फसवतो. न्यूस्पीक ही कादंबरीतल्या हुकूमशाही राजवटीने घडवलेली भाषा, आणि तिचा डाव आणखी खोल: शब्दच कमी करत जायचे, म्हणजे बंडाचा विचार मांडायला भाषाच उरणार नाही. तिथला कोशकार शब्द छाटण्यात रमलेला आहे (कोशकार असून!). निःशस्त्र गावांवरच्या बॉम्बफेकीला ‘शांतता प्रस्थापित करणे’ म्हणायचे, या लबाडीवर ऑर्वेलने लिहिले जरूर, पण १९४६ च्या ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ या निबंधात.

न्यूस्पीक शेवटी जिंकते, हेही तितकेसे पक्के नाही. तिची पूर्ण अंमलबजावणी २०५० साठी ठरली होती, असे कादंबरीचे परिशिष्ट सांगते, आणि ते सगळे भूतकाळात, साध्या जुन्या इंग्रजीत लिहिलेले आहे; म्हणजे न्यूस्पीक टिकली नसावी.