उरलेली चपाती कोण खातं?

परवा भिशीत वजनाचा विषय निघाला. कोणी भात सोडलाय, कोणी रात्रीचं जेवण, कोणी सकाळी अनशापोटी मध-लिंबू घेतंय. हे सगळं मीही करून बसलेय. जे बोलायचं होतं ते त्या गलक्यात राहून गेलं, म्हणून इथे लिहितेय.

माझं वय ४७, उंची १५५ सेंटिमीटर. तीन वर्षांपूर्वी वजन ७१ होतं. तेव्हा मी रोज पहाटे टेकडीवरच्या ‘चार भिंती’ या ठिकाणापर्यंत चढून जायचे. साताऱ्यातल्यांना तो चढ माहीत आहे, घाम काढतो. एक पावसाळा सोडला तर वर्षभर खाडा केला नाही. वजन उतरलं दीड किलो. रडूच यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठ दिवस तोंडात जाईल ते सगळं लिहून काढा, चहाच्या घोटासकट.

लिहिलं, आणि वही बघून गप्प झाले. ताटातलं जेवण बेताचंच होतं. पण मुलाच्या डब्यातून परत आलेली अर्धी चपाती, कढईच्या बुडाला राहिलेला रस्सा, ‘एवढ्याशासाठी कुठे भांडं फ्रिजात ठेवू’ म्हणून ओट्याशी उभ्याउभ्या संपवलेला वाटीभर भात, सकाळी शिळ्या चपातीचा कुस्करा. जेवण म्हणून मी यातलं काहीच धरत नव्हते. वाटीभर भात आणि एक चपाती म्हणजे साधारण अडीचशे कॅलरी. माझा पाऊण तासाचा चढ त्यातच जिरत होता.

आपल्या घरांत बाई शेवटी बसते आणि राहिलेलं संपवते. तिच्या पोटाला कोणी विचारत नाही, तीही विचारत नाही. मला याचा मनापासून राग येतो. वाढलेल्या वजनाचा दोष मात्र तिच्या जिभेला लावला जातो.

माझी आजी माण तालुक्यातली. ७२च्या दुष्काळात तिने खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. ‘अन्न टाकायचं नाही’ हे तिने भोगून शिकलेलं होतं, आणि ते मी मोडणार नाही. पण ती दिवसभर राबायची, पाण्याला मैलभर जायची. मी गाडीवरून भाजी आणते. तिचा नियम पाळायचा तर मी आधी कमी रांधायला हवं, हे कळायला मला पंचेचाळिशी उजाडली.

मग घरात सांगितलं. कणीक मळायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं, किती चपात्या? तेवढ्याच करायच्या. रात्री आठला चौघांनी एकत्र बसायचं. उरलंच तर फ्रिजात, आणि सकाळी तोच नाश्ता. त्यावर वेगळे पोहे नाहीत. फोडणीला तेल चमच्याने मोजून. महिन्याला चार लिटर लागायचं, आता दोन सव्वादोन. शेंगदाण्याचं असो, करडईचं असो की घरचं तूप, चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, पिठातल्या पिष्टाच्या आणि डाळीतल्या प्रथिनांच्या ग्रॅमला ४. म्हणून तेलाचा हात आखडला की ताट तेवढंच दिसतं आणि फरक पडतो.

नवरा म्हणाला, मी कुठे जाड आहे? किडकिडीतच आहेत ते. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटनमधल्या आपल्या सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१ टक्के, त्या सहकाऱ्याची ९. आपण भारतीय हातापायांनी बारीक आणि आतून चरबीवाले. म्हणून आपल्यासाठी जादा वजनाची रेघ २५ ऐवजी २३वर धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०च्या आत असावी म्हणतात. शिंप्याची टेप आणली. ह्यांची कंबर ९४ भरली. त्या दिवसापासून हा माझ्या एकटीचा विषय राहिला नाही.

चालणं सोडलेलं नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि दोन दिवस स्नायूंना जोर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्नायूंचं मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. चाळिशीनंतर ते झिजतात, आणि नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर आणखी झिजतात. मी बैठका मारते आणि पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या उचलते. गुडघ्यांना जिना आता जड जात नाही. (मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी माझं किंवा कोणाचंही ऐकून जेवण गाळू नका. आधी डॉक्टरांना विचारा.)

आज वजन ६३. तीन वर्षांत आठ किलो. लग्नाच्या पंगतीत अजून कोणीतरी म्हणतंच, बारीक झालीस, बरं नाही का? आणि जिलेबी वाढतं. एक घेते, आवडीने खाते, दुसरीला ताटावर हात आडवा धरते. कंदी पेढाही खाते. सोडलेलं काहीच नाही.

काल मला यायला उशीर झाला. घरी पोचले तर हे कुकरपाशी वाटी घेऊन उभे. म्हणाले, “चौघांना किती लावू, दीड वाटी पुरेल ना?”