बेडूक तरंगला, म्हणून धुकं वळेल?

एक व्हिडिओ सध्या जो तो पुढे ढकलतोय. अंधारी खोली, जमिनीलगत पसरलेलं पांढरं धुकं. बघता बघता त्या धुक्याचा खांब उभा राहतो, पीळ घेत छताकडे जातो. खाली मजकूर : ‘फरशीखाली शक्तिशाली चुंबक आहेत. पाणी प्रतिचुंबकीय असल्यामुळे चुंबकीय क्षेत्राने धुक्याला हवा तो आकार देता येतो.’ पुरावा म्हणून तीन दाखले जोडलेत : चुंबकाने तरंगवलेला बेडूक, क्लाउड चेंबरमधल्या (अदृश्य कणांच्या वाटा धुक्याच्या रेषांनी दाखवणाऱ्या पेटीतल्या) वाकलेल्या रेषा आणि फेरोफ्लुइडचे, म्हणजे चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या द्रवाचे, काटे. कलाकृती देखणी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण खालच्या मजकुराशी आहे.

‘पाणी प्रतिचुंबकीय असतं.’ असतं. चुंबक पाण्याला दूर लोटतो, पण फार म्हणजे फारच हलक्या हाताने. एवढ्या सुतावरून पुढचा स्वर्ग गाठलाय.

‘अख्खा बेडूक तरंगतो, मग त्याच्यापुढे धुकं म्हणजे काय!’ सगळ्यात जास्त लोकांना पटलेला मुद्दा हाच, आणि सगळ्यात फसवाही हाच. बेडूक खरोखर तरंगला होता. नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथे आंद्रे गाइम यांनी केलेला हा प्रयोग १९९७ साली जगाला कळला. (ग्राफीनसाठी २०१० चं नोबेल मिळालेले गाइम ते हेच.) पण तिथलं क्षेत्र होतं सुमारे १६ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), आणि बेडकाला मिळालेली जागा म्हणजे प्रचंड विद्युतचुंबकाच्या पोटातली जेमतेम ३२ मिलिमीटर रुंदीची उभी नळी. शिवाय हे बल गुरुत्वाकर्षणासारखंच वस्तुमानाच्या प्रमाणात लागतं. बेडूक असो की त्याच्या अंगावरचा पाण्याचा थेंब, दोघांना तोलून धरायला चुंबक तेवढाच जबर लागतो. हलकं असण्याची सवलत इथे मिळत नाही.

उलट धुक्याचं बारीकपण चुंबकाच्या मुळावरच येतं. १० मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) व्यासाचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर एवढ्याच वेगाने खाली येतो, कारण हवा त्याला धरून ठेवते. आता बोटाएवढा चांगला निओडिमियम चुंबक घ्या. त्याला अगदी खेटून असलेल्या थेंबावर लागणारं बल थेंबाच्या वजनाच्या काही टक्के भरतं. ३ टक्के धरा. म्हणजे चुंबकामुळे थेंब सेकंदाला ०.१ मिलिमीटरही सरकणार नाही. माणसांनी भरलेल्या खोलीतली हवा सेकंदाला १० सेंटिमीटर सहज सरकते. हजारपट फरक! शेजारी कुणी सुस्कारा टाकला तरी चुंबक हरला.

आणि हे झालं चुंबकाला खेटून. थोडं दूर गेलं की असल्या चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं, आणि पाण्यावरचं बल तर सातव्या घाताने. अंतर दुप्पट केलं की बल १२८ पट कमी. फरशीखालून छातीच्या उंचीपर्यंत पोचेतो त्यातलं काय उरत असेल, ते ज्याने त्याने मोजावं.

‘प्रयोगशाळेत धुक्याच्या रेषा चुंबकाने वाकतात.’ वाकतात, पण चुंबक वाकवतो ती धुक्याची रेष नव्हे, तर तिथून गेलेल्या विद्युतभारित कणाची वाट. कण निघून जातो, मागे आयन राहतात आणि त्यांच्याभोवती थेंब जमतात. कार्ल अँडरसन यांना १९३२ मध्ये पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) सापडला तो अशाच वाकलेल्या रेषेमुळे. पाऊलवाट वळली म्हणून मातीला कुणी वळवलं, असं आपण म्हणतो का?

फेरोफ्लुइडचा दाखला हा तर निव्वळ वड्याचं तेल वांग्यावर. त्या द्रवात लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोमीटर मापाचे कण असतात, म्हणून तो चुंबकाकडे धावतो. असे कण घातलेले तुषार चुंबकाने वळवता येतात. उंदरांच्या फुप्फुसात औषध पोचवण्यासाठी तसा प्रयोगही २००७ मध्ये झालाय, पण तिथे चुंबक अगदी जवळ होता. असलं धुकं खोलीभर सोडलं, तर प्रेक्षक तेच लोह श्वासातून आत घेणार.

आता दुसरी आवृत्ती आली आहे : ‘धुक्याला विद्युतभार दिलेला असतो.’ मग चुंबक हवाच कशाला? सेंटिमीटरला हजार व्होल्टचं विद्युतक्षेत्र लावा. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणाऱ्या त्याच थेंबावर १ टेस्लाचा चुंबक जेवढं बल लावेल, त्याच्या लाखपट बल मिळेल. थेंब थांबलेला असेल, तर त्याच्या भारावर चुंबक काहीच बल लावत नाही.

धुक्याला आकार देणारे कलावंत हवेशीच बोलतात. फुजिको नाकाया यांनी १९७० साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात पेप्सीचं दालन धुक्यात बुडवलं, ते जास्त दाबाचं पाणी अतिबारीक नोझलमधून सोडून. २००२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका तळ्यावर उभारलेल्या ‘ब्लर’ या इमारतीत हजारो नोझल होती, आणि वारा बदलला की संगणक पाण्याचा दाब बदलायचा. नेड कान यांनी तर पंखे आणि वरून हवेचा उपसा एवढ्यावर धुक्याची वावटळ उभी केली. व्हिडिओतला खांब तिचाच भाऊ दिसतो.

तोच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. एक बाई खांबात हात घालते. मनगटात घड्याळ, मुठीत फोन, आणि दोन्ही जागच्या जागी. तिचा हातही बहुतांशी पाण्याचाच, पण त्यालाही कुणी ढकलत नाही. खांब मात्र हात शिरताच मोडतो, आणि हात मागे घेतल्यावर छतातल्या काळ्या जाळीकडे पुन्हा ओढला जातो.