आमच्या दुकानाची घटनादुरुस्ती

डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवतो म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘वा, त्या धंद्याला मरण नाही!’ खरं आहे. संध्याकाळी सातनंतर एकेक लोकल फलाटावर माणसं ओतून पुढे कल्याणला निघून जाते, आणि त्यातल्या निम्म्यांना घरी पोचायच्या आत सहा पोळ्या, पाव किलो भेंडी आणि उरली असेल तर आमटी हवी असते. गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. शोधावी लागतात ती पोळ्या लाटणारी, भाजी चिरणारी, काउंटर सांभाळणारी आणि डबे पोचवणारी माणसं. ती मिळाली की टिकवावी लागतात, आणि टिकली की दुकान टिकतंय ना ते बघावं लागतं. हा तिसरा भाग कोणी आधी सांगत नाही.

आमच्या काउंटरमागच्या भिंतीवर गजानन महाराजांच्या तसबिरीखाली एक नियमावली लावलेली आहे. लॅमिनेट केलेली. रांगेतली माणसं ती वाचतात आणि एकमेकांना कोपरानं ढोसतात. ‘कर्मचाऱ्याने स्वतःचा मोबाईल काउंटरवर ठेवू नये.’ ‘एका चाळीतल्या दोघींनी शेजारच्या तव्यांवर बसू नये.’ ‘आजी वारल्यास आईकडची की वडिलांकडची ते सांगावे (मागील नोंदी दुकानात आहेत).’ लोकांना वाटतं मालक विक्षिप्त आहे. असेलही. पण त्या कागदावरचं एकही कलम मी घरी बसून सुचवलेलं नाही. प्रत्येकाच्या मागे कोणी ना कोणी आहे, आणि त्यातले बहुतेक आता दुसरीकडे कामाला आहेत.

चाळीचंच घ्या. पोळ्यांच्या मावशी एकट्या येत नाहीत, संच येतो. एक आली की तिची जाऊ येते, जावेची शेजारीण येते. सुरुवातीला मला हे फार सोयीचं वाटलं. जाहिरात नको, चौकशी नको. मग एका मंगळवारी चाळीच्या नळावर पाणी भरताना दोघींचं काहीतरी झालं. काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण दुपारी चारला माझ्याकडे पेटलेले तीन तवे होते आणि लाटणं एकाही हातात नव्हतं. त्या दिवशी सातच्या गर्दीला मी ब्रेड विकला. डोंबिवलीकरानं पोळीच्या दुकानातून ब्रेड नेताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी विसरायचा प्रयत्न करतोय. आता एक तवा एका चाळीचा, दुसरा दुसरीचा आणि तिसरा थेट स्टेशनपलीकडचा, पश्चिमेचा.

मजुरीचं कोडं तर अजून सुटलेलं नाही. शेकड्यावर दिली की पोळी घाईची होते, महिन्यावर दिली की निवांत. आमचा हिशेब सरळ आहे. लाटी चाळीस ग्रॅमची, किलोभर पिठाला चाळीस पोळ्या. शेकड्याचा दर लावला आणि त्याच पिठात पन्नास निघायला लागल्या. मी खूश. हिला म्हटलं, बघ, बरकत म्हणतात ती हीच. हिनं एक पोळी उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली. पोळीतून मला पलीकडचा पंखा फिरताना दिसला. तेव्हापासून परातीशेजारी वजनकाटा असतो आणि अधूनमधून एखादी लाटी त्यावर चढते. मावशींना सुरुवातीला याचा राग आला. आता त्या स्वतःच लाटी हातात घेऊन ‘एकेचाळीस’ म्हणतात आणि काटा एकेचाळीसच दाखवतो. काटा काढून टाकावा असं वाटतं, पण तो विकत आणलाय.

मोबाईलच्या कलमाची कथा थोडी मोठी आहे. काउंटरवर आमच्याकडे एक अत्यंत चुणचुणीत मुलगा होता. गिऱ्हाइकाला नावानं हाक मारायचा, सुटे पैसे कधी कमी पडू द्यायचा नाही, आजीबाईंची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन द्यायचा. पैसे आले की काउंटरवरचा डबा मोठ्यानं बोलतो, तो डबा त्या आठवड्यात मधूनमधून मुका व्हायला लागला. मुलगा म्हणाला, नेटवर्क नाही. डोंबिवलीत हे कारण कोणीही मान्य करतं. मीही केलं. मग नेहमीच्या एक काकू पोळ्या घेऊन गेल्या आणि दारातून परत आल्या.

‘अहो, दुकान विकलंत का?’

‘नाही हो. का?’

‘नाही, पैसे पाठवताना वेगळंच नाव आलं. म्हटलं एवढं मोठं केलंत आणि आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत!’

काकू खरोखर दुखावल्या होत्या. मी मागे वळेपर्यंत मुलगा आजीबाईंची पिशवी घेऊन रिक्षापर्यंत गेला होता, आणि त्या रिक्षात बसूनच पुढे गेला असावा. आमच्या क्यूआर कोडवर त्याचा क्यूआर कोड इतका नीट चिकटवलेला होता, की कोपरासुद्धा उचललेला नव्हता. हाच हात त्यानं बिलवहीवर ठेवला असता तर मी पगार वाढवला असता. आता आमचा कोड काचेखाली आहे, काच चार स्क्रूंनी भिंतीत आहे, आणि दर तासाला कोणीतरी एक रुपया पाठवून डबा बोलतो का ते पाहतो. हा एक रुपया कोणाच्या खिशातून जायचा, यावर वेगळी बैठक झाली.

रजेचा विषय काढला की माझा रक्तदाब वाढतो, म्हणून हळूहळू सांगतो. आमच्याकडची निम्मी माणसं कोकणातली. पूर्वी नवीन माणूस ठेवताना मी अनुभव विचारायचो. आता पहिला प्रश्न असतो, ‘गणपती किती दिवसांचा?’ दीड दिवसाचा म्हणाला की माझा चेहरा उजळतो. गौरींबरोबर जाणारा असेल तर विचार करतो. अनंत चतुर्दशीपर्यंत असेल तर चहा पाजून निरोप देतो. एकानं एकवीस दिवसांचा सांगितल्यावर मी त्याला चहाबरोबर बिस्किटंही दिली. पण ही गाळणी काही कामाची नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं. दीड दिवसाच्या गणपतीला बारा दिवस लागतात. आधी घराची साफसफाई, मग मखर, मग स्वतःचा दीड दिवस, मग चुलत्याचे पाच दिवस, मग वाडीतली भजनं. आणि परतताना मुंबई-गोवा महामार्ग असतोच. ‘शेठ, वडखळला अडकलोय’ या वाक्यापुढे महाराष्ट्रात कुठल्याही मालकाचं काही चालत नाही.

शिमग्याचं त्याहून अवघड. गणपतीची निदान तारीख पंचांगात असते. शिमग्याला पालखी गावात घरोघरी फिरते, आणि ती आपल्या दारात कधी येईल हे पालखीलाच माहीत. ‘कधी येणार परत?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘पालखी घरी येऊन गेली की निघालोच.’ देवाला घाई करा असं कुठल्या तोंडानं सांगणार?

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. यांची तिकिटं महिनोन्‌महिने आधी निघालेली असतात. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. म्हणजे कोकण रेल्वेला चार महिने आधी ठाऊक, की माझ्या दुकानात अमुक तारखेला कोणी नसणार. मला आदल्या संध्याकाळी कळायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आणि मला एक युक्ती सापडली. चतुर्थीच्या आधीचे साठ दिवस मोजायचे. त्या दिवसांत सकाळी आठच्या ठोक्याला दुकानातली सगळी माणसं अचानक हातातलं काम टाकून फोनला चिकटली, की कोण कधी जाणार ते तिथंच वहीत लिहून ठेवायचं. गेल्या वर्षी मी शेजारी उभं राहून दोघांची तिकिटंसुद्धा काढून दिली. परतीची. परतीची आधी काढली.

उचलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती दिली की माणूस दिसत नाही, नाही दिली की माणूस थांबत नाही. आता महिन्याच्या कमावलेल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत, वहीत सहीनिशी, आणि वही हिच्याकडे. माझ्याकडे वही असताना मी रडणाऱ्या माणसासमोर टिकत नाही. हिच्यासमोर रडणारा माणूस टिकत नाही.

खरा घाव बसला तो चकलीचा. आमच्या दिवाळीच्या फराळात चकलीला मागणी मोठी. भाजणीचं प्रमाण हिच्या वहीत, वही कपाटात, कपाटाची किल्ली हिच्या कमरेला. मी तर सांगायचो की हा आमचा खजिना. मग हिच्या हाताखाली तयार झालेला, फराळाच्या ऑर्डरी सांभाळणारा माणूस ऐन नवरात्रात सोडून गेला, आणि दसऱ्याला दोन गल्ल्या पलीकडे ‘घरगुती भाजणीची चकली’ असा फलक लागला. मी कपाटाकडे धावलो. वही जागेवर. हिनं शांतपणे विचारलं, ‘प्रमाणाला काय झालंय? तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धणे-जिरे. कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकात आहे.’ मग आमचा खजिना कुठे होता? तो होता त्या माणसाच्या मोबाईलमध्ये. सगळ्या ऑर्डरी तो स्वतःच्या फोनवर घ्यायचा. आमचं प्रत्येक गिऱ्हाईक, कोणाला तिखट लागतं, कोणाकडे अमेरिकेला पार्सल जातं, कोण पैसे उशिरा देतं, सगळं त्याच्याकडे. माझ्याकडे कपाटाची शोभा.

मी वकिलांकडे गेलो. म्हटलं, यापुढे प्रत्येकाकडून लिहून घेतो, नोकरी सोडल्यावर तीन वर्षं दोन किलोमीटरच्या आत चकली तळणार नाही म्हणून. वकिलांनी चष्मा काढला. म्हणाले, भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७. माणसाला त्याचा धंदा करायला बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. तुमच्याकडे नोकरीत असेपर्यंत दुसरीकडे तळू नको म्हणा, चालेल. सोडून गेल्यावर तो तळणारच. मी म्हटलं, १८७२ साली यांना डोंबिवलीतल्या चकलीचं काय पडलं होतं? वकील म्हणाले, तुमच्या चकलीसाठी नाही हो, त्याच्या पोटासाठी आहे ते. मग त्यांनी टेबलावरचा एक पुडा पुढे केला. त्याच्याचकडचा होता. ‘तुलनेसाठी आणलाय,’ म्हणाले.

वकिलांची फी देऊन घरी आलो तर ही फोनवर. ‘मोहन जास्त झालंय तुझं. म्हणून तेलात विरघळतेय. कोरडं पीठ थोडं घाल, आणि मळून लगेच पाड, ठेवू नकोस.’ बराच वेळ चाललं होतं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, कोण? उत्तर मला माहीत होतं. ‘पाच किलो भाजणी वाया चालली होती त्याची,’ ही म्हणाली. मी म्हटलं, अगं तो आपला प्रतिस्पर्धी आहे! ‘असू दे. भाजणीनं काय केलंय?’

यानंतर दुकानाच्या नावावर नवीन सिमकार्ड आलं. ऑर्डर फक्त त्याच फोनवर, फोन रात्री गल्ल्यात, आणि रोजच्या ऑर्डरी वहीतही उतरवायच्या. नोकरी सोडायची तर महिनाभर आधी सांगायचं, आणि त्या महिन्यात आपलं काम दुसऱ्या कोणाला तरी शिकवायचं. प्रत्येक काम येणारी किमान दोन माणसं हवीत, हे कलम मी ठळक अक्षरात घेतलं. आणि शेवटचा उपाय म्हणून कॅमेरा बसवला.

कॅमेरा बसवणाऱ्या पोरानं सांगितलं, काका, घरी बसून मोबाईलवर दिसेल सगळं. माझ्या मोबाईलवर बघायला मला वेळ नव्हता. म्हणून घरच्या टीव्हीला जोडून घेतला. घरी आई. वय ब्याऐंशी, गुडघे दुखतात, दुपारच्या मालिकांना कंटाळलेली. तिला पहिल्यांदा रोज दिसेल अशी, नवे भाग न संपणारी आणि ओळखीची पात्रं असलेली मालिका मिळाली.

पहिला फोन दुसऱ्याच दिवशी आला. मला वाटलं, चोर सापडला. आई म्हणाली, ‘ती हिरव्या पातळातली सकाळपासून उभीच आहे. तिला बसायला काही नाही का?’ स्टूल आणलं. मग, ‘साडेचार वाजले, चहा कुठंय त्यांचा?’ चहा सुरू झाला. मग, ‘तव्याजवळचा पंखा फिरत नाहीये.’ मग, ‘तो डबेवाला पोरगा वडापावच खातो रोज. आपल्या दुकानात पोळीभाजी असताना?’ त्याचं जेवण दुकानातून सुरू झालं. पंधरवड्यानं मावशी कॅमेऱ्याकडे बघून नमस्कार करायला लागल्या. एकीनं पगारवाढीची मागणी माझ्याकडे न करता थेट वर बघून केली, आणि रात्री जेवताना मला ती वाढ द्यावी लागली. नोकरांवर नजर ठेवायला आणलेल्या यंत्रानं माझ्याच घरात कामगार संघटना उभी केली. गंमत म्हणजे त्या वर्षी दिवाळीत कोणी सोडून गेलं नाही. मी ते श्रेय नियमावलीला देतो. दुकानात माझ्याशी कोणी सहमत नाही.

परवा संध्याकाळी ऐन गर्दीत आईचा फोन.

‘तो काउंटरवरचा टकलू आहे ना, त्याला काढ. गिऱ्हाईक उभं आहे आणि हा खाली मान घालून मोबाईल बघत बसलाय. मघाशी बरणीतून शंकरपाळेही काढले.’

‘आई, मी आहे तो.’

‘ठाऊक आहे मला. महिन्याची नोटीस आजपासून धर. आणि जायच्या आधी काम कोणाला तरी शिकव.’