परिसंवादाचं बोलावणं आलंय? मग एवढं करा

गेल्या रविवारी पुण्यात ‘वेश्याव्यवसाय कायदेशीर असावा का?’ या परिसंवादाला जाऊन आले. चार वक्ते, एक अध्यक्ष, अडीच तास, मध्ये चहा. विषय असा आहे की कधी ना कधी तुम्हालाही बोलावणं येणारच. तेव्हा फजिती नको, म्हणून चार अनुभवाचे बोल.

पहिलं म्हणजे, कायदा वाचू नका. वाचलात की भाषणच कोसळतं. ‘कायदेशीर करावा का’ असं गरजून विचारायचं आणि मग कळायचं की सज्ञान बाईने आपल्या मर्जीने हे काम करणं हा मुळात गुन्हाच नाही! १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा तिला धंदा करू नको असं म्हणतच नाही. तो बिचारा एवढंच म्हणतो की गिऱ्हाइकाला हाक मारू नको, दुसरीबरोबर खोली वाटून घेऊ नको आणि कमावलेलं कुणा सज्ञान माणसाला खाऊ घालू नको. बाकी मोकळीक. देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत मात्र नको. या धंद्याची वस्ती असलेल्या बुधवार पेठेत देवळापासून २०० मीटर लांबची जागा जो शोधून देईल, त्याच्या नावाने मी स्वखर्चाने दगडूशेठला नारळ वाढवीन. दोघी मैत्रिणींनी मिळून खोली घेऊन धंदा केला की कायद्याने झाला कुंटणखाना. रस्त्यावर बोलावताना बाई सापडली तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच कलमात पुरुष सापडला तर सात दिवस ते तीन महिने. पुरुषांना कामं असतात.

परदेशाचं एक उदाहरण खिशात ठेवा. बाजूने बोलायचं असेल तर न्यूझीलंड, २००३: धंदा गुन्ह्यातून काढला. विरोधात बोलायचं असेल तर स्वीडन, १९९९: गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवलं. ॲमस्टरडॅमला जाऊन आला असाल तर काचेमागच्या बायकांचं वर्णन सावकाश करा, फक्त ‘आम्ही सहकुटुंब होतो’ हे सुरुवातीलाच सांगून टाका.

‘त्या आहेत म्हणून आपल्या लेकीसुना सुरक्षित आहेत’ या वाक्याला टाळ्या हमखास. त्या कोणाच्या लेकी, असं सभागृहात कोणी विचारत नाही.

त्यांचा उल्लेख ‘भगिनी’ असा करा. भगिनीला खोली भाड्याने देऊ नका.

मग या पुनर्वसनावर. इथे शिलाई मशीन लागतंच. आमच्या अध्यक्षांनी तर तीनदा काढलं. छापा घालायचा, बायकांना गाडीत कोंबायचं, सुधारगृहात ठेवायचं आणि शिवण शिकवायचं, की झाला उद्धार. उद्धार हवा का, असं तिला विचारायची पद्धत नाही. मालाडच्या छाप्यात पकडलेल्या तीन तरुण मुलींनाही कोणी विचारलं नव्हतं. सज्ञान होत्या, तरी एक वर्ष संस्थेत ठेवा असा आदेश झाला. सप्टेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं, तेव्हा छाप्याला वर्ष उलटून गेलं होतं. गोव्यात बायणाच्या किनाऱ्यावर २००४ साली या बायकांच्या घरांवर बुलडोझर फिरला. नागपूरच्या गंगाजमुनात २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी वस्तीच बंद केली. बुलडोझर वेळेवर येतो, बॅरिकेड वेळेवर लागतं, शिलाई मशीन तेवढं नेहमी वाटेत असतं. आणि आलंच समजा, तर अहो, धुणीभांडी, शिवण, मजुरी सगळं करून थकून मग इकडे आलेल्या कितीतरी बाया आहेत! महिन्याचं भाडं, गावाकडे पाठवायचे पैसे, पोराची फी यातलं किती ब्लाउज शिवून निघतं, हे स्वतःचा ब्लाउज शिवायला टाकताना तरी मोजलंय कधी? आणि हो, पळवून आणलेली पोर आणि चाळिशीतली मर्जीने राहिलेली बाई, दोघी एकच समजायच्या. पोरीला विकणाऱ्याला फाडून खा, दगड घेऊन मी पुढे असेन. पण तिचं नाव पुढे करून हिचं दार कशाला फोडता?

सर्वोच्च न्यायालयाचं नाव घ्या, आदेश वाचू नका. मे २०२२ मध्ये कोर्टाने पोलिसांना बजावलं की या बायकांना माणुसकीने वागवा, शिवीगाळ-मारहाण करू नका. सज्ञान बाई मर्जीने हे काम करत असेल तर तिला छाप्यात अटक नको, आणि केवळ आई या धंद्यात आहे म्हणून मूल तिच्यापासून तोडायला नको, या कोर्टाने नेमलेल्या समितीच्या शिफारशी; त्यांवर केंद्र सरकारने हरकत घेतली आणि कोर्टाने सरकारकडे उत्तर मागितलं. आमच्या एका वक्त्याने हे ‘कोर्टाने धंद्याला परवाना दिला’ असं सांगितलं. दुसऱ्याने ‘संस्कृती बुडाली’ म्हणून टेबलावर हात आपटला. मूळ कायद्याचं एकही कलम त्या आदेशाने पुसलेलं नाही, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

बस झाला उपरोध. मला जमत नाही.

त्या दिवशी माझ्याबरोबर अक्का आली होती. संयोजकांनीच सांगितलं होतं, ‘त्यांच्यातल्या कोणीतरी’ असलं तर बरं दिसेल. तिने मुलाकडून वहीच्या पानावर मुद्दे लिहून आणले होते, दोनच. लायसन नको, कार्ड नको, पोलिसांना तेवढं आवरा. आणि माझा पोरगा जूनमध्ये अठराचा होतोय, त्यानंतर तो माझ्या पैशावर जेवला तर कलम चारखाली त्याला दोन वर्षं होऊ शकतात, त्याचं काय करू?

अडीच तास ती मागच्या रांगेत बसली. वेळ संपला म्हणून तिचा नंबर आला नाही. आभार मानायला मात्र बारा मिनिटं मिळाली, मी घड्याळ लावून बसले होते. लाज वाटायला हवी होती रे तुम्हाला! तुमच्या टाळ्यांसाठी बाई आणलीत आणि माइक स्वतःच्या तोंडाला चिकटवून बसलात. तिच्या पोटापाण्यावर अडीच तास बोललात आणि तिला दोन मिनिटं देववली नाहीत. बाजू घ्या नाहीतर विरोधात बोला, आधी ते पान तरी वाचा.

तिचा त्या संध्याकाळचा धंदा बुडाला. रिक्षाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

काल त्याच संयोजकांचा फोन आला. पुढच्या महिन्यात दुसरा भाग आहे, एखादी मिळेल का, जरा बोलकी.