एका केबलवर दोन मालक

माळ्यावरून बाबांचा जुना कॉम्प्युटर उतरवला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आधी पाल बघ." पाल नव्हती. झुरळं होती, ती झटकली. खरा त्रास दिला तो हार्ड डिस्कनं.

४.३ जीबीची डिस्क, विंडोज ९८, आणि आत बाबांनी टाईप करून ठेवलेल्या आठवणी. बटण दाबलं. पंखा खोकला आणि पडद्यावर आलं, 'प्रायमरी मास्टर हार्ड डिस्क फेल'. तारीख १ जानेवारी १९९८. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेला की घड्याळही जातं आणि डिस्कची नोंदही. आमचं गाव सरकारी कागदावर बेळगावी झालं ते १ नोव्हेंबर २०१४ ला, म्हणजे हे यंत्र अजून बेळगावातच नांदत होतं. नवा सेल घालून मीच त्याला बेळगावीत आणलं.

डिस्क तरीही दिसेना. खडेबाजारातल्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "केबल उलटी बसली असंल की वो काका. लाल कड एक नंबरच्या पिनकडं पायजे." उलटीच होती. झुरळं झटकताना मीच काढून लावली होती, त्यामुळे दोष द्यायलाही कुणी उरलं नाही.

विंडोज उघडलं. आता नक्कल करून घ्यावी म्हणून त्याच्याकडनंच एक जुनी डिस्क आणली आणि त्याच केबलला जोडली. झालं, दोन्ही गायब! दोघींचे जंपर, म्हणजे कोण मुख्य आणि कोण दुय्यम ते ठरवणाऱ्या पिनांवरच्या इवल्या टोप्या, 'मास्टर'वर. एका केबलवर दोन मालक असले की कुणाचंच चालत नाही, हे सीमाभागात जन्मलेल्या माणसाला तरी चटकन कळायला हवं होतं. मला रविवारची अख्खी दुपार लागली. त्यात तांदळाएवढा तो जंपर चिमट्यातून निसटून फ्रिजखाली गेला. पालथा पडून काठीनं चाचपत होतो, तेवढ्यात शेजारचे दारात. "काय करूलाय वो?" काय सांगणार? म्हटलं, मालक शोधूलालोय.

जंपर मिळाला, पाहुणीला 'स्लेव्ह' केलं. मग डिस्कमधले दोष शोधणारं स्कॅनडिस्क लावलं. एकेक चौकोन तपासत ते ७१ टक्क्यांवर आलं आणि लाईट गेली. लाईट आल्यावर यंत्रानं मलाच सुनावलं : विंडोज नीट बंद केलं नाहीत, पुन्हा असं करू नका. आणि स्कॅनडिस्क पहिल्यापासून. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "होगली बिडरी." याचं मराठी 'जाऊ द्या हो', पण कन्नडमध्ये ऐकलं की जास्त धीर येतो.

रात्री अकराला नक्कल झाली. पाहुणी डिस्क अडॅप्टरनं लॅपटॉपला जोडली, बाबांची फाईल उघडली. रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, उद्गारचिन्हं, सगळ्यांची जत्रा! फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर मराठी मराठीच दिसावं म्हणून आलेल्या पद्धतीच्या, आधीचा; तो जुन्या मशीनमध्येच राहिला होता.

मी डोक्याला हात लावून बसलो. आईनं चष्मा पुसला, बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली.

"यांचंच अक्षर की रे," म्हणाली.