खुलासा : डेबियनने डीबग सिम्बॉल बंद केलेले नाहीत

'डेबियनमधून डीबग पॅकेजेस काढून टाकली, आता क्रॅश शोधायचा तर सगळं स्वतः कंपाइल करा' असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. (डेबियन ही लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम; डीबग सिम्बॉल म्हणजे प्रोग्राम कोडच्या नेमक्या कुठल्या ओळीवर बंद पडला ते शोधायला लागणारी माहिती, आणि ती ज्यात असते ती डीबग पॅकेजेस.)

हाताने बनवलेली जुनी 'डीबीजी' पॅकेजेस बरीच कमी झाली, एवढं खरं. पण डिसेंबर 2015पासून डेबहेल्पर हे पॅकेज बनवायचं साधन बिल्डच्या वेळी, म्हणजे सोर्स कोडपासून पॅकेज बनताना, डीबग सिम्बॉलचं 'डीबीजीसिम' पॅकेज आपोआप तयार करतं. आर्काइव्ह, म्हणजे पॅकेजेसचा साठा, सांभाळणारं सॉफ्टवेअर डाक ही पॅकेजेस मुख्य आर्काइव्हमध्ये न ठेवता 'डेबियन-डीबग' या वेगळ्या आर्काइव्हमध्ये टाकतं. कारण साधं आहे: आकाराने ती मोठी असतात आणि बहुतेकांना लागत नाहीत. नेहमीच्या सोर्सेसमध्ये, म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत, हे आर्काइव्ह नसतं, म्हणून शोधूनही काही सापडत नाही आणि गैरसमज होतो.

मी स्वतः बुकवर्मवर, म्हणजे डेबियन 12वर, तपासलं. सोर्सेसमध्ये 'बुकवर्म-डीबग'ची ओळ जोडली, ॲप्ट अपडेट करून पॅकेजेसची यादी ताजी केली, पॅकेज लगेच दिसलं. जीडीबी या डीबगरच्या बॅकट्रेसमध्ये (क्रॅशपर्यंत कुठली फंक्शन्स चालली त्या यादीत) आधी नुसती प्रश्नचिन्हं होती, तिथे फंक्शनची नावं आणि ओळींचे क्रमांक आले. मात्र डीबग पॅकेजचं व्हर्जन इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामच्या व्हर्जनशी तंतोतंत जुळायला हवं, कारण जुळणी बिल्ड-आयडीवरून, म्हणजे प्रत्येक बिल्डच्या खास ओळख-क्रमांकावरून होते. इथे बरेच जण अडकतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.