पूजा बंद केली म्हणून दुष्काळ पडला?

आषाढी जवळ आली की एक मेसेज दरवर्षी न चुकता फिरतो. या वर्षीही आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. समाजवादी मंडळींनी आंदोलन केलं, निधर्मी राज्याच्या सरकारने पूजा कशाला करायची म्हणाले, म्हणून १९७१ साली पंढरपूरची शासकीय महापूजा बंद झाली. लगेच १९७२ ला महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. मग १९७३ पासून पूजा पुन्हा सुरू. खाली हात जोडलेले इमोजी आणि "पांडुरंगाशी खेळू नका".

मी देव मानते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी "नास्तिक झालीस का गं" असं विचारणारच. आमच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लागतो, हरिपाठ होतो. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि तिने तब्येत साथ देत होती तोवर वारी कधी चुकवली नाही. हा मेसेज मला खटकतो तो याच घरातली म्हणून.

बहात्तरचा दुष्काळ आईने भोगलाय. शाळकरी पोर होती. मोठ्यांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला बसायची. हातोडीने दगड फोडायचा, मापाच्या पेटीत टाकायचा, पेटी भरली की मुकादम मोजणार. दुपारी सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीचा वास ती आजही सांगते. पाऊस काही त्याच एका वर्षी रुसला नव्हता. आधीची वर्षंही ओढाताणीची गेली होती, विहिरी तळाला गेल्या होत्या, बहात्तरने कंबरडंच मोडलं. तो मेसेज मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "लेकरं उपाशी मारून स्वतःची पूजा करून घेणारा माझा पांडुरंग नाही." पुढे काही बोलली नाही, शेंगा सोलत बसली.

मला याहून मोठी धर्मचर्चा करता येणार नाही. पण त्याच दुष्काळाची एक गोष्ट या मेसेजमध्ये कधीच नसते, ती सांगते. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातले, संतसाहित्यात रमणारे. त्यांनी काम मागेल त्याला काम, ही कल्पना आधी तासगाव तालुक्यात राबवून पाहिली होती. दुष्काळात तीच रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर उभी राहिली. १९७७ ला तिचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला त्याची मूळ वाट इथून जाते. आपल्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कर कापला जातो ना? तो १९७५ ला या योजनेसाठी पैसा उभा करायला सुरू झाला. म्हणजे गावाकडच्या माणसाच्या हाताला काम मिळावं म्हणून शहरातल्या नोकरदाराने थोडा भार उचलायचा, असा तो हिशोब होता.

दुष्काळ बघून एकाला देवाचा कोप दिसला आणि दुसऱ्याला उपाशी माणूस दिसला. दुसरा कमी भाविक होता असं कुणी म्हणेल का? माझ्या लेखी तरी तोच जास्त होता.

आता घरातली दुसरी बाजू. माझा धाकटा भाऊ अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. एकाच घरात माळकरी आई आणि हा. भांडणं होतात, खोटं कशाला सांगू. आईचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा थिएटरमध्ये नेताना ती पुटपुटत होती, "पांडुरंगा, डॉक्टरांच्या हाताला यश दे." नंतर शुद्धीवर आल्यावर म्हणाली, देवाने वाचवलं. भावाला ते लागलं. रात्रभर जागलेल्या सिस्टर, भूल देणारे डॉक्टर, रक्त देऊन गेलेली दोन अनोळखी पोरं, यांचं श्रेय गेलं कुठे, असं त्याचं म्हणणं. त्याचा राग मला समजतो. पण आईने देवाकडे काय मागितलं तेही त्याने ऐकावं असं मला वाटतं. "ऑपरेशन नको, तूच बरं कर" असं ती म्हणाली नाही. सही करायला तिने एका क्षणाचाही वेळ लावला नाही. तिच्या डोक्यात देव आणि डॉक्टर यांची स्पर्धाच नाही. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने भावाला त्या सिस्टरांसाठी डिंकाचे लाडू घेऊन पिटाळलं. आणि तो मुकाट्याने गेला.

भाऊही देवाच्या मागे काठी घेऊन लागलेला नाही, हे मला सांगायलाच हवं. डॉ. दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की आमचं भांडण देवाधर्माशी नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीशी आणि शोषणाशी आहे. जादूटोणाविरोधी कायदा अठरा वर्षं अडला तो हा कायदा वारी बंद करील, सत्यनारायण बंद करील अशी भीती घालून. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यात वारी, हरिपाठ, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्यांनी भीती घातली, त्यांच्यापैकी किती जणांनी तो वाचला असेल?

"देवाची इच्छा" या दोन शब्दांनी आपण काय काय झाकतो, ते पाहायचं तर मांढरदेवीची आठवण काढावी लागेल. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा, वाई तालुक्यातला काळूबाईचा डोंगर. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, वर लाखोंची गर्दी. माणसं घसरली, त्यांच्यावर माणसं पडली, दुकानांना आग लागली. तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यात बायका-मुलं खूप. ही सगळी माणसं देवीवर विश्वास ठेवून आली होती. त्यांच्यासाठी रुंद वाट करणं, गर्दी खालीच अडवणं, नारळ फोडायची जागा वेगळी ठेवणं ही देवीची कामं नव्हती. ती माणसांची होती. अशा वेळी जो "देवाची मर्जी" म्हणून गप्प बसतो, तो देवाचा मान राखत नाही, निष्काळजी माणसाला पाठीशी घालतो. मला या मुद्द्यावर कुणाशीही तडजोड करायची नाही. यात्रेला जाणाऱ्या भाविकाच्या जिवाची काळजी करणं म्हणजे श्रद्धेचा अपमान, असं कुणी म्हणू लागलं की माझं डोकंच फिरतं.

हा झाला देवाच्या माथी खापर फोडण्याचा प्रकार. दुसरा प्रकार दिसायला सौम्य आहे, पण मला तो तितकाच टोचतो: सगळ्यांचा देव एकच आहे आणि सगळे तो मानतातच, हे गृहीत धरणं.

संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ ला यावर चर्चा झाली होती. ह. वि. कामत यांनी सुचवलं की उद्देशिकेची सुरुवात "ईश्वराच्या नावाने" अशी करावी. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद, सभागृह बहुतेक भाविकांचंच. तरी थानू पिल्लै म्हणाले की ही श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल. हृदयनाथ कुंझरूंनी याच उद्देशिकेत श्रद्धा आणि उपासनेचं स्वातंत्र्य दिलेलं आहे याकडे लक्ष वेधलं. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं की देवावर मतदान करायची अवघड वेळ आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. त्या ६८ जणांमधले कितीतरी घरी जाऊन देवापुढे हात जोडणारे असतील. त्यांनी देव नाकारला नाही. न मानणाऱ्याला, किंवा वेगळा मानणाऱ्याला, "आम्ही भारताचे लोक" या शब्दांतून बाहेर काढायचं नाकारलं. शपथेतही पुढे दोन्ही वाटा राहिल्या: ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. दोन्हींचं वजन सारखं. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि मग मी आमच्या ऑफिसात येते. दरवर्षी सत्यनारायण असतो. वर्गणीची यादी टेबलांवरून फिरते, फुलस्केपवर सगळ्यांची नावं आधीच टाइप केलेली, पुढे रक्कम आणि सहीचा रकाना. नाव कुणाचं घालायचं, कुणाचं नाही, हे कुणी विचारतच नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसतात. बौद्ध आहेत. १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा त्यांच्या घरात आजोबांपासून पाळल्या जातात. त्यात पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेश यांना देव न मानण्याची आहे. यादी त्यांच्यापुढे आली. त्यांनी ती वाचली, आपल्या नावापुढचा रकाना कोरा ठेवला आणि यादी माझ्याकडे सरकवली. यादी आणणारा म्हणाला, "साहेब, निदान प्रसादाला तरी या." कुणीतरी मागून हसत म्हणालं, "प्रसाद नाकारला की काय होतं ते कथेत ऐकलंय ना?" कलावतीने घाईत प्रसाद टाकला आणि नवऱ्याची नाव बुडाली, ती गोष्ट. सगळे हसले. ते हसले नाहीत. फाईल उघडून कामाला लागले.

म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. पण ज्याच्या आजोबांना देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्याला आपण देवाच्या कोपाची आठवण करून देतोय, हे आपल्या लक्षातही येऊ नये? चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर आहे. आणि विठ्ठलाच्या देवळात दलितांना जाता यावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे दार उघडलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं होतं.

मी आमच्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांना लेखी दिलं आहे. पूजा करायची तर सुट्टीच्या दिवशी, कुणाच्या तरी घरी करू. माझ्या घरी करा, शिरा मी करते, आई पोथी वाचेल. यादी मात्र कोरी फिरवा, ज्याला वाटेल तो आपल्या हाताने नाव लिहील. दोघी-तिघींनी माझ्या अर्जावर सह्या केल्या. एकाने माझ्याशी बोलणं टाकलंय. साहेब म्हणाले, बघू. पुढची पूजा श्रावणात आहे, तोवर मी रोज विचारणार आहे.